अक्षर माझंच होतं

प्रिय साधना,

हे वाचायला घेण्याआधी दार लोटून घे. तुझा हरीशदादा घरात असेल तर त्याला रानात जाऊ दे. तुझ्या घरच्यांवर राग आहे म्हणून सांगत नाही. उन्हाळ्यापासून मला सवयच जडली आहे, कुणी जवळ आलं की मी आधी त्याचे हात बघते, मग तोंड. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी शेजारी कोण बसलंय ते मला दिसणार नाही. मेसेजचं काय होतं ते आपल्या वर्गाच्या ग्रुपवर मी पाहिलंय. माझ्यावर केस झाली त्या संध्याकाळी कुणीतरी लिहिलं होतं, ‘पहिल्या नंबराचं गुपित आज कळलं.’ खाली हसणारी तोंडं. तू हसली नव्हतीस. तू काहीच न बोलता ग्रुप सोडलास. सगळ्यांच्या नजरेतून ते निसटलं, माझ्या नाही.

इकडं तसं बरं आहे. अब्बांचं दुकान तिथंच, कनेरगाव नाक्यावर, ढाब्यांच्या ओळीत. ट्रकांच्या सीटांवर गाद्या आणि कव्हरं शिवणं चालू आहे. मशीन नवं घेतलंय, पण अब्बा अजून जुन्यावरच बसतात, नव्याचा आवाज त्यांना पटत नाही. अम्मीचे गुडघे दुखतात. तू आलीस की ती अंड्याचं सालन करायची ना, तिनं ते मध्ये कधीतरी केलं आणि वाढताना तुझं नाव काढलं. अब्बा ताटावरून न बघता म्हणाले, “त्या दिवसापासून आली का ती एकदा तरी?” अम्मीनं सालनाचं भांडं झाकून आत नेलं. आमच्या घरात तुझ्यावर पहिला संशय अब्बांनी घेतला, साधना. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी त्यावरून भांडत होते.

काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या बाजूनं सांगते, कारण माझ्या बाकावरून काय दिसत होतं ते तुला ठाऊक नाही. भूगोलाचा पेपर होता. मी शेवटच्या प्रश्नावर होते, स्थलांतराच्या. पर्यायात लोकसंख्या संक्रमणाचा प्रश्न होता, तो मी सोडला होता, कारण स्थलांतराचा मला जास्त येत होता. भरारी पथक आलं तेव्हा मी मान वर केली नाही. पायाशी काहीतरी हललं असं वाटलं, पण पंख्याच्या वाऱ्यानं पुरवणीची दोरी खाली पडली असेल म्हणून बघितलंही नाही. मग एक हात माझ्यासमोर आला आणि त्यात काडेपेटीएवढा कागद होता. बारीक केलेली झेरॉक्स. मी तो वाचला आणि माझे कान गरम झाले, कारण अक्षर माझंच होतं. माझा तो लांब शेपटीचा ‘ळ’, ज्याला तू माकडाचा ‘ळ’ म्हणायचीस. माझ्या वहीचं पान आटवून कुणीतरी त्याची चिठ्ठी केली होती, आणि ती माझ्याच बाकापाशी सापडली होती.

पथकातल्या साहेबांनी माझं ओळखपत्र मागितलं. नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत नाव वाचलं. ते दुसऱ्यांदा बघणं चिठ्ठीमुळं होतं की नावामुळं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘अक्षर तुझं आहे का?’ एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. खरं तेच सांगितलं, पण त्यांनी ते कबुली म्हणून धरलं. मग ऑफिसात नेऊन एक छापील जबाब पुढं ठेवला. “सही कर, नाहीतर पोलिसात द्यावं लागेल.” मी वाचायला लागले तर कागदावर हात ठेवून म्हणाले, “वाचायला काय परीक्षा आहे का ही?” मी सही केली. दाराशी आपले धनसिंग सर उभे होते, त्या खोलीचे पर्यवेक्षक. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी खिडकीकडं बघितलं. त्या दिवसापासून माझ्या मनात पहिला चोर ते होते.

परीक्षेपुरती आपण हिंगोलीत घेतलेली ती खोली आठवते ना. मी तिथं परत आले तर तुझी पिशवी नव्हती. उशी नव्हती. चुलीजवळची तुझी स्टीलची ताटली धुऊन पालथी घातलेली होती. घरमालकीण म्हणाली, तुझ्या भावाला फोन करून बोलावून घेतलंस आणि गाडीवर बसून गेलीस, पोटात दुखतंय म्हणून. मी बाजूच्या दवाखान्यात विचारायला गेले होते, साधना. मला वाटलं तुला खरंच काहीतरी झालं. उरलेल्या पेपरांना तू आलीस, पण बसस्टँडवरून परस्पर, आणि घंटा होता होता निघूनही गेलीस. मी स्वतःला सांगत राहिले, की कॉपीवालीबरोबर दिसायला तुझ्या घरचे नको म्हणत असतील.

मग निकाल लागला. सगळ्यांचा लागला, माझ्या नावापुढं ‘राखीव’. चौकशीला बोलावलं, तिथं माझ्याआधी बसलेल्या मुलाला आत जाऊन बाहेर यायला जेवढा वेळ लागला तेवढाच मला लागला. जबाबावरची सही तुझी का, अक्षर तुझं का. दोन्हीला हो. तिसरा प्रश्न नव्हता. मग टपालानं निर्णय आला. ती अख्खी परीक्षा रद्द, आणि पुढच्या परीक्षेलाही बसायचं नाही. पोस्टमनकाकांनी पाकीट देताना विद्यापीठाचं नाव बघून “पेढे कधी?” विचारलं होतं.

त्यानंतर घरात जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एका सकाळी मी न्हाऊन आले तर अम्मी माझा परीक्षेतला कुर्ता मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याची खालची पट्टी उसवत होती. एकेक टाका काढून आत बोट घालून बघत होती. मला पाहून तिनं कुर्ता खाली ठेवला आणि म्हणाली, शिवण निघाली होती, घालून देत होते. आमच्या घरात शिवण निघालेली कुणाला कळत नाही असं कधी झालंय का? माझ्या आईला माझ्यावर शंका आली होती आणि तिला त्याची लाज वाटत होती, हे दोन्ही मला दिसलं. तेव्हापासून मी कुठंही बसायच्या आधी ओढणी झटकते. पाहुण्यांकडं गेले तरी झटकते. लोकांना वाटतं धूळ.

अब्बांनी मात्र एकच विचारलं. दुकानात, मशीन थांबवून. “तू करी के नहीं, इत्ताच बता.” मी म्हणाले, नाही. त्यांनी मशीन परत चालू केलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मला हिंगोलीला कोर्टाजवळ निलमताईंकडं घेऊन गेले. निलमताई वकील आहेत, त्यांच्या गाडीची सीट अब्बांनी शिवलेली. मला त्यांचाही संशय आला. ओळख तेवढीच, एवढा जीव का लावून राहिल्यात, आत काय असेल? मी ते बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्या भावावर अशीच केस झाली होती. त्यानं कॉलेज सोडलं. निर्णयावर अपील करता येतं हे आम्हाला कळलं तोवर मुदत निघून गेली होती. आता तो वारंगा फाट्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. चिठ्ठी खरंच त्याची होती का, हे आम्हाला आजवर माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.”

त्यांनी ते निर्णयाचं पत्र उलटंसुलटं करून वाचलं. मी ते दहादा वाचलं असेल, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात अपिलाची मुदत दिली होती ती मला दिसली नव्हती. रडताना तळापर्यंत कोण वाचतं? निलमताईंनी मला अपील स्वतःच लिहायला लावलं. पहिला कागद मी लिहून नेला, त्यात दहावीपासूनचे मार्क, बक्षिसं, अब्बांचे कष्ट, सगळं होतं. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. “तू चांगली मुलगी आहेस हे त्यांना ठरवायचं नाहीये. काय घडलं ते लिही. निर्णय देताना काय बघितलं गेलं नाही ते लिही. आणि तुला काय पाहिजे ते लिही. बस.” मग म्हणाल्या, आधी कागद माग. तुझा जबाब, पर्यवेक्षकांचा अहवाल, ती चिठ्ठी, बैठकव्यवस्था, तुझी उत्तरपत्रिका. ज्याच्यावरून शिक्षा दिली ते बघायचा तुला हक्क आहे.

कॉलेजात ते कागद मागायला गेले तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच होतं, चोर ती चोर आणि वर शिरजोर. आज साहेब नाहीत, उद्या शिपाई नाही, परवा चावी नाही. अब्बा रोज नाक्यावरून माझ्याबरोबर बसनं यायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे. शेवटी निलमताईंच्या सांगण्यावरून मी लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. शिक्का मारताना बाबूंचा हात जड झाला, पण त्यानंतर चावी सापडली.

कागद हातात आले आणि माझी झोप गेली. पर्यवेक्षकांच्या अहवालात लिहिलं होतं, चिठ्ठी ‘उत्तरपत्रिकेखाली’ सापडली. ते खोटं होतं, हे मला माहीत होतं. माझ्या उत्तरपत्रिकेखाली नुसतं बाक होतं. चिठ्ठीत लोकसंख्या संक्रमणाचे टप्पे होते, आणि तो प्रश्न तर मी सोडलेला होता. हे कुणी पडताळून पाहिलंच नव्हतं. आणि बैठकव्यवस्थेच्या कागदावर माझ्या मागच्या बाकावर तुझं नाव होतं.

खरं सांगायचं तर तोवर मी मुद्दाम तिकडं बघितलं नव्हतं. समोरची मुलगी, शेजारचा तो उंच मुलगा, पथकातले साहेब, धनसिंग सर, माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. प्रत्येकाची कारणंही मी शोधून काढली होती. फक्त तुझ्यापाशी आले की मन वळसा घालून पुढं जायचं. पण आदल्या दिवशी दुपारी माझी वही घेऊन ‘दोन पानं झेरॉक्स करून आणते’ म्हणून तूच गेली होतीस. येताना भजी आणलीस. वही परत दिलीस. झेरॉक्स कुठाय विचारलं तर म्हणालीस, लाईट नव्हती. भजी गरम होती, मी पुढं विचारलं नाही.

अब्बांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी तुझ्या गावची बस धरली असती.

अपिलाची सुनावणी दिवाळीच्या थोडं आधी झाली. विद्यापीठात जायला आम्ही वारंगा फाट्याला उतरलो, पुढची बस मिळेपर्यंत चहा घेतला. तिथंच समोर खताच्या दुकानापाशी हरीशदादा उभा होता. दरवेळी ‘काय पाहुणीबाई’ म्हणून हाक मारणारा माणूस. त्यानं मला पाहिलं, नक्की पाहिलं, आणि पाठ करून पोत्यांवरची नावं वाचायला लागला. अब्बांनी बशी खाली ठेवली. “वो साधना का भाई था ना?” मी म्हणाले, नाही, तसा दिसतो फक्त. अब्बांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना माझं खरं वाटलं नाही, आणि मला ते कळलं.

सुनावणीला तिघं होते. दोन सर आणि एक मॅडम. यावेळी घाई नव्हती, पण त्यामुळंच जास्त भीती वाटत होती. मोठे सर चिठ्ठी समोर धरून म्हणाले, “अक्षर तुझंच?”

मी म्हणाले, “हो सर. माझ्या वहीचं पान आहे. पण चिठ्ठी मी केली नाही. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलेलंच नाही, उत्तरपत्रिका बघा.”

त्यांनी बघितली. पानं उलटली, परत उलटली. मॅडमनी विचारलं, “वही कुणाकडं दिली होतीस?”

“मैत्रिणीकडं.”

“नाव?”

निलमताईंनी येताना सांगितलं होतं, विचारतील ते खरं सांग. तुझं नाव घेतलं असतं तर कदाचित तिथंच माझं सगळं सुटलं असतं. जिभेवर होतं, साधना. आणि तुझ्यावर दया आली म्हणून मी थांबले असं समजू नकोस. त्या क्षणी मला तुझा फार राग आला होता. पण मी तुला चिठ्ठी टाकताना पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, “मॅडम, तिनं टाकली हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. माझ्यावर न बघता नाव घातलं म्हणून मी इथं उभी आहे. मी तेच दुसरीवर करू शकत नाही. मला फक्त माझ्यापुरतं बोलू द्या.”

मोठ्या सरांना ते आवडलं नाही. काहीतरी लिहून घेतलं. मग धनसिंग सरांना आत बोलावलं. अपिलात मी त्यांच्या अहवालावरच बोट ठेवलं होतं, म्हणून त्यांना यावं लागलं होतं. तुला ठाऊक आहे, ते तासिकेवर आहेत, दरवर्षी त्यांची नेमणूक नव्यानं होते. माझी खात्री होती की ते लिहिलेलंच परत वाचतील. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “चिठ्ठी जमिनीवर होती. या मुलीच्या बाकाच्या मागच्या पायापाशी. पथकातल्या साहेबांनी उचलली आणि मला सांगितलं, ‘उत्तरपत्रिकेखाली’ असं लिही, म्हणजे केस पक्की होते. मी लिहिलं.”

मोठे सर म्हणाले, “मग तेव्हा का नाही सांगितलं?”

“तेव्हा कुणी विचारलं नाही सर. आज विचारलं म्हणून सांगितलं. आणि ही मुलगी माझ्या वर्गात बसते.”

बाहेर आल्यावर ते माझ्यासाठी थांबले नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धुतलं आणि तसेच ओल्या तोंडानं बसकडं गेले. मी आभार मानायला मागं धावले, तर म्हणाले, “आभार नको. आधीच सांगायला पाहिजे होतं मी.” पुढच्या सत्रात त्यांची नेमणूक होईल की नाही, कुणास ठाऊक. मी ज्याला चोर समजत होते तो माणूस असा निघाला, आणि ज्या बाकाकडं मी बघतच नव्हते तिथं तू होतीस. त्या परतीच्या बसमध्ये मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

निर्णय आला. शिक्षा रद्द, निकाल जाहीर करावा. अब्बांनी नाक्यावरच्या ढाब्यांना जिलेबी वाटली. अम्मी त्या दिवशी माझ्याजवळ बसून माझ्या केसांना तेल लावत राहिली. पण लोकांचं बघणं बदललं नाही. आधी म्हणायचे, कॉपी केली. आता म्हणतात, वकील लावून सुटली. वर्गातली एक मुलगी परवा स्टँडवर भेटली, अभिनंदन म्हणाली आणि लगेच विचारलं, “मग होती कुणाची?” मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. ही का विचारून राहिली? हिला कुणी पाठवलं? ही कीड अशी आहे बघ, माझी निर्दोष सुटका झाली तरी ती माझ्यातून गेलेली नाही.

आणि आता खरं काय ते. निर्णयाच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे की चिठ्ठी कुणाची याची नव्यानं चौकशी व्हावी. म्हणून माझ्या ओळीतल्या आणि मागच्या बाकांवरच्या सगळ्यांना कॉलेजची नोटीस गेली, तशी तुलाही आली. मलाही पत्र आलंय, वही कुणाला दिली होती ते लेखी कळवावं म्हणून. तिथं आता मला ‘मी बघितलं नाही’ म्हणून गप्प बसता येत नाही, कारण विचारलंय ते वहीचं, आणि वही देताना मी दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. आज सकाळी हे पत्र समोर ठेवून मी विचार करत होते, तेवढ्यात तुझी आई आली.

हो, गोजरकाकू आत्ता बाहेरच्या खोलीत अम्मीशेजारी बसल्या आहेत. दोन बस बदलून, हळदीची पुडी आणि तीळ घेऊन आल्या. आधी अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा अर्धा ठेवला, मग माझा हात धरून म्हणाल्या, “माय, पोरगी जेवत न्हाई. बोलत न्हाई. नोटीस आली तवापासून म्हणून राहिली, मी जातच न्हाई तिथं, काय करायचं ते करा म्हणावं. पुढल्या महिन्यात तिची सोयरीक हाय. तुजं तं आता मिटलं ना? मंग लिहून दे की वही कोणाला दिली ते आठवत न्हाई.” मी विचारलं, “काकू, तिनं तुम्हाला काय सांगितलं?” त्या पदराकडं बघत म्हणाल्या, “साहेब येताना दिसले, भ्याली, हातातलं सुटलं म्हणती. तुज्याकडं ढकलायचं न्हवतं तिला. पर मंग तुला धरून नेलं आन् तिच्या तोंडातून शब्द निघंना. म्हणती, शहनाजला आता तोंड कसं दावू.” अम्मी हे ऐकत होती. तिनं उठून आत जाऊन पीठ मळायला घेतलं. काकूंना जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणते. मी काकूंना हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. आत आले आणि हे लिहायला बसले, त्या जाताना त्यांच्या पिशवीत देईन. त्यांना वाचता येत नाही, त्या हरीशदादाकडून वाचून घेतील, म्हणून आधी दार लोटायला सांगितलं.

तर ऐक. मी खोटं लिहिणार नाही. वही मी तुला दिली होती आणि ती तू झेरॉक्सला नेली होतीस, एवढं मी लिहिणार, पुढचं एक अक्षर नाही. पुढचं तुझं तू सांगायचंस, आणि त्यासाठी तुला तिथं जावं लागेल. न जाऊन सुटका होत नाही, तुझ्याशिवाय ठरतं एवढंच. माझं काय झालं ते पाहिलंस ना. वाचल्याशिवाय कशावर सही करू नकोस, कुणी कागदावर हात ठेवला तर तो हात उचलायला सांग. तुझ्याविरुद्ध काय आहे ते आधी लेखी माग. माझ्याकडं चिठ्ठी ढकलायची नव्हती, भीतीनं सुटली, हे स्वतःच्या तोंडानं सांग, ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लाव. केलेल्या चुकीची शिक्षा भोगायचीच, पण चुकीपेक्षा जास्त दिली तर पत्राच्या तळापर्यंत वाच, अपिलाची मुदत तिथंच असते. निलमताईंशी मी बोलेन, त्या येतील. मी तुला माफ केलं असं लिहिणार नव्हते आणि लिहीत नाही, ते अजून झालेलं नाही. कधी होईल तेही सांगता येत नाही. पण तुझा निर्णयही पाच मिनिटांत, तुला न ऐकता व्हावा, हे मला बघवणार नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी मी हिंगोलीच्या स्टँडवर उभी राहीन. तू उतरलीस तर बरोबर येईन आणि बाहेरच्या बाकावर बसेन, जसे माझ्यासाठी अब्बा बसले होते. आणि एक कर, साधना. त्यांना सांगण्याआधी, तिथंच स्टँडवर, ते सगळं एकदा मला सांग. तुझ्या आईच्या तोंडून नको. तुझ्या तोंडून.

अजूनही तुझीच,
शहनाज